विआहेषण

उज्ज्वलाशी भांडता येत नसे. मी दोनतीनदा प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला. जळगावात कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बायंडिंगचं दुकान आहे, आणि प्रबंध लिहिणारा माणूस व टायपिंगवाला यांचं भांडण होणं हा धंद्याचाच भाग आहे. पण मी आवाज चढवून काही बोललो की ही अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची, तळहाताएवढी वही उघडायची आणि अगदी आदराने म्हणायची, "थांबा कांतीभाऊ. काय म्हणालात? परत म्हणा." रागातलं वाक्य परत म्हणून बघा एकदा. दुसऱ्या खेपेला त्यातला जोर जातो आणि तिसऱ्या खेपेला आपल्यालाच हसू येतं.

एकदा दुकानासमोर दोन रिक्षावाले हमरीतुमरीवर आले होते. एकाने दुसऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. ही माझ्या दुकानातून धावत गेली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. मला वाटलं, आता ही मार खाणार. तर ही विचारते, "दादा, हा शब्द तुमच्याकडचा का? रावेर की यावल?"

"यावल," तो गोंधळून म्हणाला.

"आणि बाईमाणसाला म्हणायचा झाला तर शेवटी काय होतं?"

तो गडी लाजला. "ताई, बाईमाणसाला आम्ही नाही म्हणत असं."

तेवढ्यात दुसऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे चाळीसगावला हीच शिवी याहून चांगली देतात. आणि त्याने ती देऊन दाखवली. पाच मिनिटांनी दोघं एकाच रिक्षाला टेकून आपापल्या तालुक्याच्या शिव्या तिला लिहून देत होते, पाककृती सांगावी तशा. मागे अर्धा रस्ता तुंबला होता.

तिचा दुसरा नाद तालुका ओळखण्याचा. गिऱ्हाइकाने "दोन प्रती काढा" एवढं म्हटलं तरी कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज यायचा, "पारोळ्याकडचे का तुम्ही?" बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. एका गृहस्थांनी तर लगेच काउंटरवर तळहात पसरला आणि म्हणाले, "मग पोरीचं यंदा जमेल का, तेवढंही बघा." तिने हात बघितला नाही. विचारलं, "'जमेल' हे तुम्ही घरी कसं म्हणता?" "जमी जाई," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराने समाधान पावून निघून गेले.

बाजारात ती भरताची वांगी आणायला जायची आणि भाजीवालीचे चार शब्द घेऊन यायची. वांगी तिथेच राहायची.

ही मुलगी माझ्या दुकानात आली ती जिन्यावरून. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक निवृत्त इंजिनियर जर्मनचा वर्ग चालवत. कारखान्याच्या कामासाठी ते काही वर्षं जर्मनीत राहून आलेले, त्या भांडवलावर. उज्ज्वला दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. धुळ्याला बी.कॉम. झालेली. धुळ्यातच तिने इंग्रजी संभाषणाचा वर्ग दोनदा केला होता, मग सुट्टीत संस्कृतचा, मग हिंदीच्या परीक्षा, आणि आता जळगावात मावशीकडे राहून जर्मन. मी एकदा विचारलं, "ताई, जर्मनीला जायचंय का?"

"नाही."

"मग जर्मन कशाला?"

"जर्मन चुकलं तर दोंडाईच्यात कोण हसणार, कांतीभाऊ?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती, हे पुढे कळलं. तिनेच सांगितलं, बाहेर लाइट गेलेली असताना आणि माझी मशीनं बंद असताना.

आमच्या खानदेशी बोलीत, म्हणजे अहिराणीत, 'ळ' नाही. त्याच्या जागी 'य'. शाळेची शाया होते, केळ्याचं केय होतं, जळगावचं जयगाव आणि धुळ्याचं धुये. उज्ज्वलाची आई निरक्षर, पण डोक्याने तल्लख. शहरातली माणसं कुठे वेगळी बोलतात ते तिने बरोबर हेरलं आणि चौथीतल्या मुलीला एक नियम घालून दिला: "आपण जठे 'य' म्हणतो तठे शिकेल मानसं 'ळ' म्हणतात. ध्यानमा ठेव." शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय 'माझा आवडता प्राणी'. मुलीने नियम पाळला. व्यासपीठावर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "गाळ ही आपली माता आहे. गाळीला चार पाळ असतात."

पाहुण्यांना डोळे पुसावे लागले. हेडमास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. सातवीपर्यंत तिला सगळे 'गाळ' म्हणत.

हसणाऱ्यांना ती विसरली असती. विसरता आलं नाही ते पुढचं. तिची आई त्या दिवशी मागच्या रांगेत बसली होती. घरी गेल्यावर तिने ठरवलं की आपल्या जिभेमुळे पोरीची फजिती झाली. तेव्हापासून ती उज्ज्वलाशी अहिराणीत एक शब्द बोलली नाही. गावाशी, नवऱ्याशी, म्हशीशी अहिराणी. पोरीशी मात्र पुस्तकी मराठी. 'माय' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. "बठ्ठ्या जगाशी बोलते," उज्ज्वला म्हणाली, "माझ्याशी मात्र सरकारी पत्र लिहिल्यासारखं बोलते. 'उज्ज्वला, जेवण झाले आहे का?' मीही उत्तर देते, 'होय आई, झाले आहे.' दोघींनाही घरात पाहुण्यासारखं वाटतं."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मग लाइट आली.

जर्मनच्या वर्गात ती फार टिकली नाही. एके दिवशी सर दाणदाण जिना उतरून खाली आले. "कांतीलाल, ही मुलगी मला शिकवू देत नाही. मी सांगतो, जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. ही म्हणते, का? मी म्हणतो, जर्मन लोक म्हणतात म्हणून. ही म्हणते, ते का म्हणतात? मी म्हणतो, त्यांच्या आया म्हणतात म्हणून! तर ही म्हणते, मग त्या आयांना—"

मागोमाग उज्ज्वला उतरली. सर तिच्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तुला जर्मन शिकायचं नाही. तुला भाषा चालते कशी ते बघायचंय. त्याचं एक वेगळं शास्त्र असतं, भाषाविज्ञान. तिकडे जा. आणि माझ्या वर्गातून जा."

हाकलून देता देता कुणाचं इतकं भलं केलेलं मी दुसरं पाहिलं नाही. तिने माझ्याच कॉम्प्युटरवर शोधलं, माझ्याच दुकानात अर्ज भरला आणि एम.ए.ला पुण्याला गेली. गावात बातमी पोचली ती 'पोरगी विज्ञानाला गेली' अशी. पुढे ती संशोधन करायला लागल्यावर 'डॉक्टर होणार' अशी सुधारित बातमी गेली. मग सुट्टीत ती घरी आली की दोन म्हाताऱ्या गुडघे उघडे करून ओट्यावर बसलेल्या असत.

पुण्यात तिच्या एका प्राध्यापिकेने वर्गात सांगितलं की माणूस शुद्ध बोलायच्या धडपडीत कधीकधी शुद्धतेच्याही पुढे जातो, त्याला अतिशुद्धी म्हणतात. उदाहरण द्या म्हणाल्या. कुणालाच सुचेना. उज्ज्वला उभी राहिली आणि चौथीनंतर पहिल्यांदा चारचौघांत म्हणाली, "गाळीला चार पाळ असतात." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाल्या, "ही चूक नाही. हा नियम आहे, आणि तो ज्याने शोधला तो माणूस हुशार असला पाहिजे."

"आईने शोधला," उज्ज्वला म्हणाली.

तिच्या संशोधनाचा विषय तिथेच ठरला. दोन वर्षांनी ती परत आली, इथल्या विद्यापीठात नाव नोंदवलं आणि पुढची पाच वर्षं माझ्या दुकानातलं कोपऱ्यातलं स्टूल तिचं झालं. गावोगाव फिरून ती माणसांचं बोलणं टिपायची आणि दुकानात येऊन उतरवायची. तिने मलाही सोडलं नाही. आमचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं; घरी आम्ही मारवाडी बोलतो. दुकानात आईचा फोन आला की मी आवाज खाली आणून "हां बाई, आऊं हूं" म्हणायचो आणि घाईने ठेवायचो. एकदा तिने पकडलं. "कांतीभाऊ, दुकानाचं शटर वर गेलं की तुमच्या तोंडाचं खाली येतं का?" मी म्हणालो, "उचलली जीभ लावली टाळ्याला!" ती खूष झाली. म्हणाली, "वा, 'ळ' म्हणायची रीत यापेक्षा नेमकी कुठल्याच पुस्तकात दिलेली नाही." सांगा, अशा बाईशी काय भांडणार?

तिच्या आईला मी अक्का म्हणत असे. त्या जळगावला येत तेव्हा त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. फजितीनंतर त्यांनी शहरासाठी नवा नियम केला होता: 'य' किंवा 'ळ' यांतलं एखादं अक्षर जरी असलं तरी तो शब्द टाळायचा. केळी हवी असली की बोट दाखवायच्या. जळगावला 'तुमचं गाव' म्हणायच्या. एकदा त्यांचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी विचारलं, काय दुखतं? आता 'पाय' म्हणावं की 'पाळ', या संकटात अक्का म्हणाल्या, "गुडघा." डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, गुडघ्याला पट्टा बांधला, गुडघ्याचे व्यायाम दिले. अक्का ते सगळं करून लंगडत घरी गेल्या.

आणि नेमकी हीच बाई प्रबंधाला हवी होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण 'घरातली बोली' असं होतं. उज्ज्वलाने समोर मशीन ठेवलं की अक्का पदर सावरून बातम्या द्यायला लागायच्या, "नमस्कार. आमच्या घरी सर्व क्षेम आहे." तेव्हा पोरीने शेवटी चोरी केली. आई चुलीपाशी शेजारणीशी बोलायला बसली की ही दाराआड वही घेऊन बसायची. तिला त्या वाक्यांची हाव होती, पण नुसती प्रबंधासाठी नव्हे. एकदा मला म्हणाली, "त्यातलं एक तरी वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हणावं. एवढंच पाहिजे हो मला." हे मी तिला परत म्हणायला सांगितलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. शेवटचं प्रकरण तिने माझ्याच दुकानात बसून टाइप केलं आणि अख्ख्या प्रबंधाचा पेन ड्राइव्ह माझ्या हातात देऊन विद्यापीठात सह्यांसाठी पळाली. जाताना म्हणाली, "कांतीभाऊ, इतके दिवस अहिराणीत डोकं आहे ना, माझ्या स्वतःच्या वाक्यांतही कुठेकुठे 'आहे'च्या जागी 'शे' पडलाय. तेवढा 'आहे' करा."

लग्नसराई होती. काउंटरवर पत्रिकावाले ओळीने उभे. मी 'तेवढा' हा शब्द ऐकलाच नाही. कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे जिथे 'शे' दिसेल तिथे तिथे 'आहे' कर. त्याने क्षणात केलं, मी फाइल ठेवून दिली, बंद केली आणि पत्रिकेतला 'शुभाशीर्वाद' दुरुस्त करायला घेतला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. माझ्या बाबतीत मारुतीही धड झाला नाही.

संध्याकाळी ती आली, पहिलं पान उघडलं आणि तशीच उभी राहिली. अक्कांच्या तोंडचा प्रत्येक 'शे' 'आहे' झाला होता, तो तर झालाच. पण कॉम्प्युटर इमानदार. त्याला शब्दाच्या पोटातलाही 'शे' दिसला. शेतकऱ्याचा आहेतकरी झाला होता. शेजारीण आहेजारीण झाली होती. शेवगा आहेवगा. आणि व्याकरणाच्या त्या अख्ख्या प्रबंधात पानापानावर जो शब्द होता, 'विशेषण', तो सगळीकडे 'विआहेषण' झाला होता.

"उलटं फिरवतो," मी म्हणालो, आणि तिने नको म्हणायच्या आत फिरवलंही. सगळे 'आहे' होते तिथे 'शे' केले. विशेषणं सुधारली. पण आता प्रस्तावना अशी सुरू झाली: 'सदर संशोधनाचा उद्देश पुढीलप्रमाणे शे.' पुढे, 'या बोलीचे तीन प्रकार शेत.' सगळ्या प्रबंधात शेतंच शेतं. मार्गदर्शकांच्या आभारातही, 'मी त्यांची ऋणी शे.' घाईघाईने मी परत सगळ्या 'शे'चे 'आहे' केले.

ती हसली. हसत हसत स्टुलावर बसली आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. ती म्हणाली, "तुमची चूक नाही, कांतीभाऊ. आमच्या घरात हे आधीच झालंय. चौथीत." मग म्हणाली, "आता पहिला 'आहे' कुणाचा आणि 'शे' कुणाचा, कसं कळणार?"

बाकीच्या प्रकरणांची जुनी प्रत तिच्या लॅपटॉपवर होती. शेवटच्या प्रकरणाची नव्हती. ती वाक्यं फक्त गावी, ट्रंकेतल्या वहीत होती. आईला फोन केला. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वही घेऊन आल्या. छातीशी धरून आणली होती, प्लास्टिकचं कव्हर घातलेली, स्वच्छ. उज्ज्वलाने उघडली. नववीचा भूगोल. वाचता येत नसल्याने अक्कांनी ट्रंकेतली सगळ्यात देखणी वही उचलली होती.

उज्ज्वलाने वही मिटली, आणि आपल्या नेहमीच्या सरकारी मराठीत म्हणाली, "हरकत नाही आई. तुझा काही दोष नाही. बघू पुढे."

अक्का पोरीचं तोंड बघत राहिल्या. दुकानात पाचसहा कॉलेजच्या मुली प्रती काढायला उभ्या होत्या. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग माझ्याकडे वळून, जणू पोरगी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाल्या, "वही चुकनी त चुकनी. वहीमा जे शे ते बोलेल कोन शे? मीच ना? मंग मालेच इचारा, भाऊ."

मी त्या बिघडलेल्या प्रकरणाची प्रत काढली आणि वाचायला बसलो. पहिलं वाक्य, चहा चुलीवर आहे, ओतून घे, अशा अर्थाचं: "च्या चुल्हावर आहे, वती ले."

"'शे'," अक्का पुटपुटल्या.

"म्हतारा खाटवर बठेल आहे."

"'बठेल शे'." मग नवऱ्याच्या आठवणीने थोडं घाबरून, "हाई त्यास्ले सांगू नका."

"बठ्ठा गाव जत्रामा गयेल आहे."

"शे! भाऊ, कान शेतस ना तुम्हले? 'आहे' कोन म्हनस जत्रामा?"

रांगेतली एक मुलगी फिसकन हसली. वाटलं, आता अक्का मिटणार. पण ती पुढे येऊन म्हणाली, "मावशी, आमनी आजी बी आसंच म्हनस. नरडानानी शे मी." मग ती नरडाण्याची मुलगी तिथेच थांबली. बाकीच्याही थांबल्या. मी वाक्य वाचायचो आणि अक्कांच्या आधी दोघी-तिघी म्हणायच्या, "शे!" पत्रिकावाला गिऱ्हाईक आपली पत्रिका विसरून ऐकत बसला. अक्कांचा आवाज चढत गेला. दुपारपर्यंत त्या मला उच्चार शिकवत होत्या, आणि मधेच एका वाक्याला त्यांनी "हाई मी नही बोलेल, हाई त्या शेजारनीनं शे," असं म्हणून साफ नाकारलं. उज्ज्वला कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करत होती. आईने अजून तिच्याकडे बघून एकही शब्द म्हटला नव्हता.

मग मी एकसष्टावं वाक्य वाचलं. वाचायच्या आधी बघायला हवं होतं, पण मी लयीत होतो. "आंडेर घरमा आहे, पन मन्हासंगे बोलत नही, माले लिखी लेस." म्हणजे, लेक घरात आहे, पण माझ्याशी बोलत नाही, मला लिहून घेते.

कुणी 'शे' म्हटलं नाही. ते वाक्य अक्का कधीतरी चुलीपाशी शेजारणीला म्हणाल्या असणार, आणि दाराआडच्या लेकीने नकारार्थी वाक्याचा नमुना म्हणून टिपलं असणार. अक्का वळल्या. थेट उज्ज्वलाकडे बघून म्हणाल्या, "हाई बी लिखी लिधं का वं तू?"

उज्ज्वलाची बोटं थांबली. इतक्या वर्षांनी आई पहिल्यांदा तिच्याशी अहिराणीत बोलली होती. तिने नुसती मान हलवली. अक्कांनी पदराने तिचं तोंड पुसलं, फारसं हळुवारपणे नाही, आणि मला म्हणाल्या, "पुढलं वाचा भाऊ. दिन जाई राह्यना."

मी पुढचं वाचलं. त्या दिवशी दुपारी माझ्या आईचा फोन आला तेव्हा मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, नेहमीच्या आवाजात मारवाडीत बोललो. कुणी वळूनही पाहिलं नाही.

प्रबंध वेळेवर गेला. उज्ज्वला डॉक्टर झाली आणि दूर दक्षिणेत एका संस्थेत संशोधनाला तिची निवड झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची प्रत आहे. दोनशे सतराव्या पानावर, तळटीपेत, एक 'विआहेषण' निसटून राहिलं आहे. मला ते बायंडिंग झाल्यावर दिसलं. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिला मी शेवटचं पाहिलं ते जळगावच्या बसस्टँडवर. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती, म्हणून अक्का चार दिवस राहून गावी परत निघाल्या होत्या. मी खाऊची पिशवी द्यायला गेलो होतो. अक्का धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. चार दिवस घरात नुसती अहिराणी चालल्याचं त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे बोलल्या त्या, आणि पोरगी मराठीतच उत्तरं देत राहिली. इतक्या वर्षांची सवय, जीभ वळत नव्हती. बस सुरू झाली. अक्का खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या, "दिवाईले येजो वं!"

उज्ज्वला बसबरोबर चार पावलं चालली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "हा माय, मी येस!"

या बोलीतल्या भविष्यकाळावर या मुलीने अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मीच ते टाइप केलेलं. आणि 'येस' हा वर्तमानकाळ. अक्कांनी कपाळावर हात मारला. बस फाटकाकडे वळली तरी त्या अर्ध्या बाहेर वाकून दोन्ही हातांनी खुणा करत ओरडत होत्या, "'येस' नही वं, 'येसू' म्हन! येसू!"

मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. डॉक्टरबाई फलाटाच्या मधोमध उभ्या होत्या, बस दिसेनाशी झालेल्या दिशेला तोंड करून, आणि शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने घोकत होत्या, "येसू. येसू, माय. येसू."